सगळं गमावलेल्या रमाबाईंना काय सापडलं?

चांगलं वागूनही आपल्याच वाट्याला वाईट का येतं? हा प्रश्न कधी ना कधी आपल्या सगळ्यांनाच पडतो. पंडिता रमाबाईंचं तर अर्धं आयुष्य याच प्रश्नात गेलं.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांनी लोकांचा रोष ओढवून घेतला. पुढे हे कुटुंब पुराण सांगत, तीर्थयात्रा करत गावोगाव फिरलं. व्रतं, उपास, दानधर्म, कशातही कसूर केली नाही. पण दुष्काळ पडला, गाठीचा पैसा संपला. १८७४ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि मोठी बहीण भुकेने गेली. रमा तेव्हा सोळा वर्षांची होती.

भाऊ श्रीनिवास आणि ती पायपीट करत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिचं संस्कृत ऐकून तिथल्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. आता बरे दिवस येतील असं वाटतं ना? पण १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी तिने बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न केलं. १८८२ मध्ये कॉलऱ्याने तेही गेले. पदरात लहानगी मनोरमा, आणि रमाबाई जेमतेम तेवीस वर्षांच्या.

दुःखाइतकंच त्यांना आणखी एक गोष्ट सलत होती. धर्मग्रंथ वाचताना, स्त्रीला स्वतःच्या बळावर मोक्ष मिळत नाही, असंच त्यांच्या हाती लागलं. मग आपल्यासारखीने जायचं कुठे?

१८८३ मध्ये डॉक्टर व्हायचं म्हणून त्या इंग्लंडला गेल्या. कानांनी दगा दिला. कमी ऐकू येत असल्याने तेही दार बंद झालं.

तिथेच लंडनच्या फुलहॅम भागात त्यांनी एक आश्रम पाहिला. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना ख्रिस्ती भगिनी तिथे मायेने सांभाळत होत्या. हे सगळं कशासाठी, असं रमाबाईंनी विचारलं. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना बायबलमधली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. जिला सगळे टाळत, तिच्याकडे येशू विहिरीपाशी पाणी मागतो आणि तिच्याशी आदराने बोलतो. आपण शोधत होतो तो देव हाच, असं रमाबाईंच्या मनाने घेतलं. त्याच वर्षी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

पण गोष्ट इथे संपली नाही. आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र अजून भेटला नाही, असं त्यांना पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं. मनाला शांती लाभायला जवळजवळ आठ वर्षं लागली. या काळात मायदेशी टीका होत राहिली, तरी त्यांनी विधवांसाठी ‘शारदा सदन’ चालवलं.

१८९६-९७ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. या वेळी रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. पुण्याजवळच्या केडगावात त्यांच्यासाठी ‘मुक्ती’ उभी राहिली. ज्या भुकेने आपलं घर गिळलं, तिच्याच तोंडातून त्यांनी शेकडो मुली ओढून काढल्या.

आईवडील का गेले, याचं उत्तर विश्वासाने त्यांना दिलं नाही. पण टाकलेल्या माणसाजवळ येऊन बसणारा देव दिला. तुम्हीही आज एखाद्या अन्यायाने खचला असाल, तर घाई करू नका. विश्वास एका रात्रीत उगवत नाही. कधी कधी तो कुणीतरी आपल्यावर केलेल्या मायेतून येतो, तर कधी आपण दुसऱ्यावर केलेल्या मायेतून.