वर्तुळाचा परीघ आणि शर्यतीचा न्याय

चारशे मीटरच्या शर्यतीत धावपटू एका रेषेत उभे न राहता एकापुढे एक का उभे असतात, असा प्रश्न दूरचित्रवाणीवर शर्यत पाहणाऱ्या अनेकांना पडतो. बाहेरच्या लेनमधील धावपटूला आयोजकांनी दिलेली ती सवलत नसते. त्यामागे आहे शालेय पाठ्यपुस्तकातले वर्तुळाच्या परिघाचे सूत्र.

वर्तुळ लहान असो वा मोठे, त्याच्या परिघाला व्यासाने भागले असता येणारे उत्तर नेहमी एकच असते. बांगडी घ्या किंवा विहिरीचा काठ, हे गुणोत्तर बदलत नाही. यालाच 'पाय' म्हणतात. त्याची किंमत सुमारे ३.१४१५९ आहे. व्यासाला, म्हणजेच त्रिज्येच्या दुपटीला, पायने गुणले की परीघ मिळतो.

चारशे मीटर येतात कसे?

प्रमाणित ट्रॅकला ८४.३९ मीटरच्या दोन सरळ बाजू आणि दोन अर्धवर्तुळाकार वळणे असतात. वळणाच्या आतल्या कडेची त्रिज्या ३६.५० मीटर असते. धावपटू कडेला अगदी चिकटून धावू शकत नाही. म्हणून पहिल्या लेनचे अंतर कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेर मोजतात. त्यामुळे हिशेबाची त्रिज्या ३६.८० मीटर होते. दोन अर्धवर्तुळे मिळून एक पूर्ण वर्तुळ. त्याचा परीघ २ × ३.१४१६ × ३६.८०, म्हणजे २३१.२२ मीटर. त्यात सरळ बाजूंचे १६८.७८ मीटर मिळवले की बरोबर ४०० मीटर होतात.

प्रत्येक लेन १.२२ मीटर रुंद असते. बाहेरच्या लेनची अंतरे आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटरवर मोजतात. त्यामुळे दुसऱ्या लेनची त्रिज्या १.१२ मीटरने वाढते आणि धावपटूला एका फेरीत ७.०४ मीटर अधिक धावावे लागते. पुढच्या प्रत्येक लेनला ७.६७ मीटरची भर पडते. आठव्या लेनपर्यंत हा फरक ५३ मीटरवर जातो. तेवढेच अंतर पुढे उभे केले, तरच सर्वांची शर्यत समान होते.

२२/७ पुरेसे आहे का?

शाळेत पायची किंमत २२/७ किंवा ३.१४ धरली जाते. घरगुती कामाला ती पुरेशी आहे. मैदान आखताना मात्र नाही. २२/७ धरून वळणाची त्रिज्या ठरवली, तर प्रत्यक्षातील ट्रॅक सुमारे ९ सेंटिमीटर आखूड होईल. ३.१४ धरल्यास तो सुमारे १२ सेंटिमीटर लांब होईल. अंतर कमी भरलेल्या ट्रॅकवरील विक्रमाला मान्यता मिळू शकत नाही.

नऊ सेंटिमीटर ही किरकोळ बाब वाटेल. परंतु १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषाचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. तिची वेळ होती ५५.४२ सेकंद. या सरासरी वेगाने सेकंदाच्या शंभराव्या भागात कापले जाणारे अंतर सुमारे ७ सेंटिमीटर भरते. म्हणजे २२/७ मुळे होणारी चूक पदक मिळवून देणाऱ्या किंवा हिरावणाऱ्या अंतराहूनही मोठी आहे.

आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये ६२८३२ भागिले २०००० अशी किंमत दिली होती. ती येते ३.१४१६. ती 'आसन्न', म्हणजे जवळची आहे, असेही त्याने नमूद केले. पायची किंमत कोणत्याही अपूर्णांकात नेमकी मांडता येत नाही, हे लॅम्बर्ट या गणितज्ञाने अठराव्या शतकात सिद्ध केले. तरीही आर्यभटाची किंमत वापरून आजच्या ट्रॅकचा परीघ काढला, तर चूक होते अवघ्या अर्ध्या मिलिमीटरची.