जुनी स्लॉट कार पळवायची? मोटर बदलायची घाई नको
खाचेच्या ट्रॅकवर विजेवर पळणारी जुनी स्टॉक कार, म्हणजे अमेरिकेतल्या नॅस्कार गाडीचं मॉडेल, रिपेअरला आली की लगेच नवी मोटर टाकू नका भाऊ. अशी गिऱ्हाइकं कमीच, पण आली की चांगली मजुरी देतात. आधी खालच्या तांब्याच्या विणलेल्या पट्ट्या साफ करून जरा फुलवा. करंट तिथूनच येतो. मागचे कडक टायर पॉलिश पेपरवर घासून गोल करा. ॲक्सलला तेल सुईच्या टोकाएवढंच. अमरावतीच्या दुकानात मी एकदा जास्त सोडलं, ते मोटरच्या कम्युटेटरवर गेलं अन् गाडी ठप्प! पैसे परत द्यावे लागले. आता फेरीची वेळ आधी मोजतो, काम झाल्यावर गिऱ्हाइकासमोर पुन्हा मोजतो. फरक दिसला की मजुरीवर घासाघीस होत नाही. अन् हो, काढलेला जुना पार्ट पुडीत बांधून परत द्या, फेकू नका. जुन्या गाड्या जमवणारे आधी तोच विचारतात.