आजारी शेळीची वेगळी जागा



शेळी आजारी पडली की आपण तिला रिक्षात घालून गुरांच्या दवाखान्यात नेतो. डॉक्टर तपासतात, इंजेक्शन देतात, औषध लिहून देतात आणि निघताना सांगतात, 'चार दिवस वेगळी बांधा.' माणसांच्या दवाखान्यासारखी तिथं खाट नसते. म्हणजे पुढचे चार दिवस दवाखाना आपल्याच दारात. आणि आपण वेगळी बांधतो म्हणजे काय करतो? त्याच गोठ्यात, पलीकडच्या खुंटीला. खुंटी वेगळी, बाकी पाणी, झाडू, वारा सगळं एकच.

मीही असंच केलं होतं. बाजारातून एक शेळी आणली. नाक वाहत होतं. उन्हातान्हात आली असेल, म्हणून सरळ आपल्यात सोडली. आठवडाभरात घरच्या शेळ्या तापल्या, तोंडात फोड आले, हगवण लागली. पीपीआर निघाला. सातातल्या चार गेल्या, त्यात एक गाभण होती. गटाच्या कर्जावर घेतलेल्या शेळ्या. शेळ्या गेल्या, हप्ता राहिला. म्हणून आज या जागेबद्दलच बोलायचं ठरवलं.

आधी आजार कसला आहे ते बघायचं. पाय मुरगळलाय, जखम झालीय, पोट फुगलंय, अवघड वेत झालंय, तर हे दुसऱ्या शेळीला लागत नाही. अशा शेळीला गोठ्यातच एक कोपरा बांबूच्या ताटीनं अडवून द्या, बाकीच्या तिला दिसल्या पाहिजेत. शेळी कळपातलं जनावर आहे. एकटी पडली की ओरडत राहते, चारा टाकते आणि जखमेपेक्षा उपाशीपोटीच खचते. पण ताप, वाहतं नाक, हगवण, तोंडात किंवा खुरात फोड, अंगावर देवी, नाहीतर गाभडली असेल, तर तिला घराच्या दुसऱ्या अंगालाच न्यायचं. पीपीआर श्वासातून, शिंकेतून पसरतो. मध्ये पोतं टांगून तो अडत नाही. कसला आजार ते कळत नसेल, तर डॉक्टर येईपर्यंत लागणारा आहे असंच धरून चाला.

किती लांब? जागा असेल तितकं लांब, पण रात्री बॅटरी घेऊन तुम्ही एकट्या जाऊन याल इतकंच. मळ्याच्या टोकाला खोली बांधली आणि रात्री कुणी फिरकलंच नाही, तर तिचा काय उपयोग? तिथला वारा आणि सांडपाणी मात्र गोठ्याकडे यायला नको.

एका शेळीला चार फूट बाय पाच फूट जागा पुरते. तिला पाय पसरून बसता यावं आणि तुम्हाला शेजारी उकिडवं बसून औषध पाजता यावं. खालचे तीन फूट बंद, मग जुनं दार लावा, पत्रा लावा, नाहीतर कुडाची भिंत. त्याच्यावर जाळी किंवा मोकळं. म्हणजे बसलेल्या शेळीला वारा झोंबत नाही आणि कोंदट हवा वरून निघून जाते. हवा ठीक आहे का हे उभं राहून कळत नाही. शेळीच्या नाकाच्या उंचीला बसा. डोळे चुरचुरले, मुताचा उग्र वास आला, तर खोकणाऱ्या शेळीला तो रात्रभर येतोय.

जमीन मुरूम ठोकून करा आणि पाच फुटांत दीड-दोन इंच उतार द्या. झाल्यावर एक तांब्या पाणी ओतून बघा कुठं जातंय ते. ते वेगळ्या खड्ड्यात जायला हवं. गुळगुळीत फरशी नको, अशक्त जनावर घसरतं. आणि एक सांगते, पटायला जड जाईल. ही जमीन शेणानं सारवू नका. घराला सारवण छान, पण इथं रोग मारायचं औषध शेणातच अडकून बसतं. अंगाखाली कोरडं गवत घाला आणि ओलं झालं की काढून जाळा.

पाण्याची बादली खाली ठेवली की त्यात लेंड्या पडतात. ती कुंपणाला गळ्याच्या उंचीला अडकवा. चाराही तसाच जुडी करून टांगा. मळलेला चारा शेळी निरोगी असताना खात नाही, आजारी असताना कुठली खाणार? करडं असतील तर ऊब लागते. पूर्वी पिवळा बल्ब टांगला की भागायचं, आता घरोघरी एलईडी आले, त्यांचा उजेड पडतो पण ऊब काही मिळत नाही. त्यासाठी जुना बल्बच शोधा आणि गवतापासून, करडांच्या तोंडापासून लांब, पक्का बांधा.

एक डिजिटल थर्मामीटर घ्याच, फक्त जनावरांसाठी. तो गुदद्वारात लावायचा. आपलं अंग १०० झालं की आपण ताप म्हणतो. शेळीचं नेहमीचं अंगच १०२ ते १०३ असतं. १०४ च्या वर गेलं तर ताप. १०० च्या खाली आलं तर त्याहून घाईनं डॉक्टरांना फोन करा. ताप किती, खाल्लं का, लघवी-लेंडी झाली का, औषध कधी दिलं, हे वहीत लिहा. औषध चालू असताना आणि नंतर किती दिवस दूध वापरायचं नाही, तेही डॉक्टरांना विचारून त्याच वहीत लिहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जागा कितीही चांगली बांधा, रोग आपल्याच हातानं गोठ्यात जातो. सकाळी आधी चांगल्या शेळ्यांचं सगळं उरका, आजारी शेळीकडे शेवटी जा. तिची बादली, दोरी, झाडू, तुमची तिथली चप्पल आणि वरून घालायचा जुना शर्ट तिथंच राहू द्या. बाहेर आल्यावर साबणानं हात धुवा. मधेच पोरगं 'आई, करडू सुटलं' म्हणून हाक मारतं आणि आपण तशाच धावतो, ते टाळायला शिका.

धुताना आधी घाण काढायची, मग पाण्यानं घासायचं, मग औषध. शेणावर फिनेल ओतणं म्हणजे पैसे ओतणं. खुरकुतासाठी धुण्याचा सोडा चालतो, एक लिटर पाण्यात ४० ग्रॅम. ब्लीचिंग पावडर वापरत असाल तर तिच्यात संडास धुण्याचं ॲसिड मिसळू नका, विषारी वायू होतो.

गाभडलेल्या शेळीचं वार, गर्भ उघड्या हातानं उचलू नका. त्यातून माणसालाही आजार लागतो. घरात कुणी पोटुशी असेल तर तिला या जागेत अजिबात पाठवू नका. आणि कुठलंही जनावर लाळ गाळतंय, विचित्र वागतंय, तर घशात काही अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालू नका. पिसाळलेलं असू शकतं. चावलं, किंवा जखमेला लाळ लागली, तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या.

गटानं मिळून एकच जागा बांधायची का, असं मागच्या बैठकीत विचारलं होतं. माझं मत नको असं आहे. आजारी शेळी गावातून चालवत नेली की वाटेवरच्या सगळ्या गोठ्यांना रोगाचा प्रसाद. गटानं बांबूच्या ताट्या करून ठेवाव्यात, जिला लागतील तिनं न्याव्यात, धुऊन कडक उन्हात वाळवून परत द्याव्यात.

एरवी ही जागा रिकामी राहणार नाही. बाजारातून आणलेली प्रत्येक शेळी आधी २१ दिवस इथं ठेवा, धडधाकट दिसली तरी. तेवढ्यात डॉक्टरांना विचारून पीपीआरची लसही होऊन जाईल. शेळी बाहेर काढली की जागा धुऊन चार दिवस उन्हाला उघडी टाका, भिंतीला चुना द्या. आणि दारावर खडूनं मोठ्ठं लिहून ठेवा, १९६२. फिरत्या पशुवैद्यकीय गाडीचा हा नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत.