सामूहिक वनहक्क म्हणजे जंगलवाटप नव्हे

सामूहिक वनहक्क मिळाला म्हणजे सरकारने जंगल गावाला वाटून दिले, हा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात २००६ च्या वनहक्क कायद्यातला वैयक्तिक पट्टा वेगळा आणि सामूहिक वनसंसाधन (गावाने परंपरेने वापरलेले व राखलेले जंगल) वेगळे. या जंगलाची वाटणी होत नाही की विक्री. ग्रामसभेला मिळतो तो ते राखण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार. सोसायटीची गच्ची सगळ्यांची असते, देखभालही सगळ्यांकडेच असते, पण ती कोणी विकू शकत नाही, तसेच हे.

मग गावकरी जंगल तोडणार नाहीत का? ही शंका रास्त आहे, पण कायद्याचे कलम ५ संरक्षणाची जबाबदारीही ग्रामसभेवरच टाकते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर हा हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना देण्याचे अधिकारही. बांबूचे कोवळे कोंब राखून पक्का बांबू तोडला, तरच बेट टिकते; म्हणजे राखण्यातच गावाचा फायदा. शिवाय ग्रामसभेत गावातला प्रत्येक प्रौढ असतो. त्यामुळे अठरा वर्षांची मुलगीही तोडणीच्या निर्णयात पाटलाइतकीच हक्कदार. हद्दीचे नकाशे, झाडांच्या नोंदी, बांबूविक्रीचे हिशेब ही कामे शिकलेल्या तरुणांनाच द्यावीत, असे मला ठामपणे वाटते. त्यांना त्याची मजुरी मात्र मिळायला हवी.