हरण्यासाठी खेळलेली मॅच: लंडन ऑलिंपिकमधल्या आठ जणी आणि स्पर्धेचं गणित

माझ्या पीएचडीचा विषय सांगितला की समोरच्याचा चेहरा जरा कोरा होतो. 'स्पर्धांच्या रचनेचं गणित' म्हणजे नक्की काय? वेळापत्रकं बनवता का? तर नाही. मी ज्या प्रश्नाशी झगडते तो साधारण असा: एखाद्या स्पर्धेचे नियमच असे असू शकतात का, की खेळाडूला मॅच जिंकण्यापेक्षा हरणं फायद्याचं पडेल? आणि असे नियम टाळता येतात का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे. त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण बॅडमिंटनमधलं आहे, तेही थेट ऑलिंपिकमधलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा त्रासदायक आहे. आधी पहिलं घेऊ.

त्या दिवशी काय झालं?

३१ जुलै २०१२. लंडनची वेम्बली अरीना, महिला दुहेरीच्या गटसाखळीचा शेवटचा दिवस. कोर्टवर एका बाजूला चीनची अव्वल मानांकित जोडी वांग शियाओली आणि यू यांग, दुसऱ्या बाजूला कोरियाच्या जंग क्युंग-उन आणि किम हा-ना. मॅच सुरू झाली आणि जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या सर्व्हिस नेटमध्ये जाऊ लागल्या. साधे फटके कोर्टाबाहेर पडू लागले. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंनी हेच चाललं होतं. पहिल्या गेममधली सगळ्यात लांब रॅली होती चार फटक्यांची! तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, रेफरींनी कोर्टवर येऊन ताकीद दिली. शेवटी कोरियाची जोडी २१-१४, २१-११ अशी 'जिंकली'.

मग दुसऱ्या एका गटाच्या मॅचमध्ये तोच प्रकार. कोरियाच्या हा जंग-उन आणि किम मिन-जंग विरुद्ध इंडोनेशियाच्या ग्रेसिया पोली आणि मेलियाना जौहरी. इथे तर रेफरींनी काळं कार्डही दाखवलं. काळं कार्ड म्हणजे थेट बाद. ते मागे घेतलं गेलं आणि मॅच कशीबशी संपली. कोरिया जिंकलं.

दुसऱ्या दिवशी जागतिक बॅडमिंटन महासंघाने चारही जोड्यांना, म्हणजे आठही जणींना स्पर्धेतून बाद केलं. ठपका दोन गोष्टींचा: जिंकण्यासाठी पूर्ण प्रयत्न न करणे, आणि खेळाला बाधा येईल असं वर्तन.

तेव्हा बहुतेकांचं म्हणणं होतं, 'लाज आणली'. ते चूक नाही. पण एवढ्यावर थांबलं तर एक गोष्ट सुटते. चार जोड्या, तीन देश, दोन वेगळे गट, आणि सगळ्यांना एकाच दिवशी हरायचं होतं. हा निव्वळ स्वभावदोष असेल का? एकाच वर्गातली आठ मुलं एकच विचित्र उत्तर लिहितात, तेव्हा शहाणा मास्तर प्रश्नपत्रिकाही एकदा तपासून बघतो.

प्रश्नपत्रिका तपासू या

लंडनच्या आधी ऑलिंपिक बॅडमिंटनमध्ये थेट बाद फेरी असायची. एक मॅच हरलात की घरी. चार वर्षं मेहनत करून अर्ध्या तासात परत जावं लागू नये, म्हणून २०१२ मध्ये पहिल्यांदा गटसाखळी आणली. हेतू चांगलाच होता.

दुहेरीत रचना अशी: १६ जोड्या, चारचे चार गट, प्रत्येक गटातून पहिल्या दोन जोड्या उपांत्यपूर्व फेरीत. पुढे कोण कोणाशी खेळणार हेही आधीच ठरलेलं. 'अ' गटातली पहिली जोडी 'क' गटातल्या दुसरीशी, 'क'मधली पहिली 'अ'मधल्या दुसरीशी. तसंच 'ब' आणि 'ड' गटांचं. मग 'अ'मधल्या पहिलीच्या बाजूला, म्हणजे ड्रॉच्या त्याच अर्ध्या भागात, 'ड'मधली दुसरी जोडी येत होती.

आता ३१ तारखेकडे या. वांग-यू आणि जंग-किम, दोघींनीही 'अ' गटात आधीच्या दोन्ही मॅच जिंकल्या होत्या. म्हणजे दोन्ही जोड्या पुढे जाणार हे नक्की. त्यांच्या मॅचने एकच गोष्ट ठरणार होती: पहिलं कोण आणि दुसरं कोण.

त्याच दिवशी आधी 'ड' गटात एक अनपेक्षित निकाल लागला होता. चीनचीच दुसरी तगडी जोडी, तियान छिंग आणि झाओ युनलेई, डेन्मार्ककडून हरली आणि गटात दुसरी आली. आता वांग-यू आपल्या गटात पहिल्या आल्या असत्या, तर चीनच्या दोन्ही जोड्या उपांत्य फेरीतच समोरासमोर येण्याची शक्यता होती. मग सुवर्ण आणि रौप्य दोन्ही चीनला मिळणं अशक्य.

जरा आकडे घालून बघू. हे आकडे मी फक्त समजावण्यासाठी घेतलेत. समजा चीनच्या या दोन्ही जोड्या इतर कोणालाही ९० टक्के वेळा हरवतात. त्या ड्रॉच्या वेगवेगळ्या भागांत असतील, तर दोघी अंतिम फेरीत पोचायला प्रत्येकीने दोन, म्हणजे एकूण चार मॅच जिंकायला हव्यात. ०.९ चा चार वेळा गुणाकार केला की येतं सुमारे ०.६६. म्हणजे दोन्ही पदकं पक्की होण्याची शक्यता ६६ टक्के. एकाच भागात असतील तर? शून्य. एक मॅच हरून शून्याचे ६६ होत असतील, तर कुठल्याही प्रशिक्षकाला मोह पडणारच. आणि कोरियाच्या जंग-किमसाठीही गटात पहिलं येणं म्हणजे उपांत्य फेरीत तियान-झाओंशी गाठ. त्यांनाही तो मान नकोच होता.

आता पुढची सोंगटी पडते. वांग-यू दुसऱ्या आल्या, म्हणजे 'क' गटात जी जोडी पहिली येईल तिला उपांत्यपूर्व फेरीतच जगातली अव्वल जोडी भेटणार. 'क' गटात कोरिया आणि इंडोनेशिया दोघेही आधीच पात्र झाले होते. जिंकलात तर वरच्या आकड्यांप्रमाणे पुढे जाण्याची संधी १० टक्के, हरलात तर जवळपास बरोबरीची लढत. तुम्ही काय कराल? निदान मोह तरी होईलच ना?

म्हणजे बघा, त्या मॅच हरत होत्या, पण *स्पर्धा* जिंकायचा प्रयत्न करत होत्या. खेळाडूने प्रत्येक मॅच जिंकण्यासाठी खेळावं अशी आपली अपेक्षा, आणि पदक मात्र स्पर्धा जिंकणाऱ्याला. नियमांनी या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात उभ्या केल्या होत्या.

त्याच स्पर्धेतलं दुसरं उदाहरण

लंडनमध्येच, त्याच सभागृहात एकेरीच्या मॅचही चालू होत्या. एकेरीतही गटसाखळी होती, पण गट लहान आणि प्रत्येक गटातून *फक्त पहिला* खेळाडू पुढे जाणार होता. आपल्या साईना नेहवालने याच रचनेतून वाट काढत कांस्यपदक मिळवलं. तिथे मुद्दाम हरण्याचा असा प्रकार घडला नाही. घडणार तरी कसा? हरलं की पुढे जाण्याचा रस्ताच बंद.

एका स्पर्धेवरून सिद्धांत मांडू नये, पण इथे गणितही हेच सांगतं. लंडननंतर या विषयावर बरंच काम झालं. २०१४ मध्ये मार्क पॉली यांनी एक 'अशक्यता प्रमेय' सिद्ध केलं: गटातून पहिला आणि दुसरा असे दोघं पुढे जाणार असतील, तर काही साध्या, वाजवी अटी पाळून 'डावपेचमुक्त' रचना करताच येत नाही. डावपेचमुक्त म्हणजे, मुद्दाम हरून कधीच कोणाचा फायदा होणार नाही अशी. पुढे २०१७ मध्ये ॲलन व्हाँग यांनी दाखवलं की अनेक टप्प्यांच्या स्पर्धेत गटातून फक्त पहिल्यालाच पुढे पाठवलं, तरच ही खात्री देता येते.

सिद्धता इथे देत नाही, पण त्यामागची कल्पना सोपी आहे. दोनच गट घ्या. नेहमीची पद्धत: या गटातला पहिला विरुद्ध त्या गटातला दुसरा. आता एखाद्या धक्कादायक निकालामुळे सगळ्यात बलवान खेळाडू त्या गटात दुसरा आला. झालं! या गटातल्या पहिल्याला तो लगेच भेटणार आणि दुसऱ्याला थेट अंतिम फेरीत. म्हणजे दुसरं येणं बरं. मग पद्धत उलटी करू या का, पहिला विरुद्ध पहिला? मग तर कुठलाही धक्कादायक निकाल न लागताही दुसरं येणंच सोयीचं. थोडक्यात, चादर लहान आहे. डोकं झाकलं की पाय उघडे पडतात.

मग उपाय काय?

फक्त पहिल्यालाच पुढे पाठवणं, हा गणिताच्या दृष्टीने पक्का उपाय. पण मग चारच्या गटात एका वाईट दिवसात स्पर्धा संपू शकते, आणि गटसाखळी आणली होती नेमकी तेच टाळायला.

दुसरा उपाय फुटबॉलवाल्यांचा. १९८२ च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांना कोणता निकाल दोघांच्याही सोयीचा हे आधीच माहीत होतं, कारण गटातली दुसरी मॅच संपलेली होती. जर्मनीने सुरुवातीला एक गोल केला आणि नंतर दोन्ही संघ नुसते चेंडू फिरवत राहिले. त्यानंतर गटातल्या शेवटच्या मॅच एकाच वेळी सुरू करायची पद्धत आली. बॅडमिंटनमध्ये हे जड जातं. चार गटांच्या शेवटच्या आठ मॅच एकदम खेळवायच्या तर आठ कोर्टं हवीत.

महासंघाने रिओ २०१६ साठी तिसरा रस्ता धरला. गटसाखळी ठेवली, पण दुहेरीत गटात दुसऱ्या आलेल्या जोड्यांसाठी साखळी संपल्यावर नव्याने चिठ्ठ्या टाकायच्या. म्हणजे 'दुसरी आले तर अमुक जोडी टळेल' हा हिशोब आधी करताच येत नाही. प्रमेय सांगतं की यानेही पूर्ण खात्री मिळत नाही. पण हरून नक्की काय मिळणार हेच माहीत नसेल, तर इतकी नामुष्की कोण पत्करेल? माझ्या मते उपाय व्यवहारी आहे.

किंमत कोणी मोजली?

नियम बनवणाऱ्यांचा पेपर चुकला आणि नापास झाल्या खेळाडू, असं मला वाटतं. त्या निर्दोष होत्या असं मी म्हणत नाही. प्रेक्षकांची फसवणूक झालीच. पण शिक्षेने त्या आठ जणी बाहेर गेल्या, नियमातलं भोक तसंच राहिलं. ते बुजवलं गेलं नंतर, नियम बदलून.

आणि अशा नियमांची झळ बाकीच्यांनाही बसते. आपल्या ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा 'ब' गटात होत्या. तीनपैकी दोन मॅच जिंकूनही, गुणांच्या फरकात अवघ्या एका गुणाने मागे पडून त्या बाहेर गेल्या. जपानची जोडी तैवानच्या जोडीकडून हरली, त्यामुळे हे गणित बिघडलं. भारताने त्या मॅचविरुद्ध तक्रार केली, ती फेटाळली गेली. जपानच्या खेळाडूंनी काही गैर केलं असं म्हणायला काहीच आधार नाही. मॅच हरणं हा खेळाचाच भाग आहे. पण त्या दिवसाच्या वातावरणात साध्या पराभवावरही संशय आला. सदोष नियमाचं हे सगळ्यात मोठं नुकसान: प्रामाणिकपणे हरलेल्याकडे पुरावा म्हणून दाखवायला काही उरत नाही.

बाद झालेल्यांपैकी यू यांगने तेव्हा निवृत्ती जाहीर केली होती, पण ती परतली. २०१६ च्या रिओमध्ये कांस्यपदकाच्या मॅचमध्ये नेटच्या एका बाजूला यू यांग होती आणि दुसऱ्या बाजूला जंग क्युंग-उन, दोघी नव्या जोडीदारांसह. चार वर्षांपूर्वी एकमेकींकडून हरायला धडपडणाऱ्या या दोघी आता एका पदकासाठी जीव तोडून खेळल्या. जंग जिंकली. आणि ग्रेसिया पोलीने २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अप्रियानी रहायूच्या साथीने सुवर्णपदक पटकावलं.

खेळाडू त्याच. बदललं होतं ते एवढंच, की आता जिंकण्यातच फायदा होता. त्यामुळे पुढच्या वेळी कुठल्याही स्पर्धेचा ड्रॉ हातात आला, ऑलिंपिकचा असो की तुमच्या सोसायटीच्या कॅरमचा, तर एक प्रश्न जरूर विचारा: या कागदावर अशी एखादी जागा आहे का, जिथे हरणारा हसत बाहेर पडेल? सापडली, तर खेळाडूंना उपदेश करण्याआधी कागद बदला.