पिकअपचे पाटे बदलताय? आधी वजन, मग माप, मग पाटा



पांदणीतून माल भरून निघालेली पिकअप खड्ड्यात गेली की मागून "धाड" असा आवाज येतो. मग कोणीतरी सांगतं, "पाटे बसलेत, दोन पाटे वाढवून घे." आपण गाडी पाटेवाल्याकडे लावतो. गाडी मागून उचललेली दिसते आणि आपल्याला वाटतं काम झालं. पण थोड्याच दिवसांत शॉकअप गळतो, रिकामी गाडी रस्त्यावर उड्या मारते आणि बाजारात टोमॅटो दबलेला निघतो.

पाटा निवडायचा तो गाडीत रोज किती वजन जातं आणि ते टाकल्यावर गाडी किती बसते हे मोजून. मोजायला एक काटा पावती, एक टेप आणि अर्धा तास लागतो.

*१) आधी खरं वजन काढा*

आरसीवर दोन वजनं लिहिलेली असतात. अनलॅडन म्हणजे रिकाम्या गाडीचं आणि लॅडन म्हणजे मालासकट जास्तीत जास्त. दोन्हींतला फरक ही तुमची मर्यादा. या मर्यादेत ड्रायव्हर, सोबतचा माणूस, नंतर बसवलेली जाळी, ताडपत्रीची चौकट हे सगळं येतं.

उदाहरण घ्या. समजा आरसीवर लॅडन २,९०० आणि अनलॅडन १,६०० किलो आहे. फरक १,३०० किलो. दोन माणसांचे १४० वजा केले की उरले १,१६०. टोमॅटोचा क्रेट २० किलोचा धरतो, पण रिकामा क्रेटही दीडेक किलो भरतो. म्हणजे एक क्रेट साडेएकवीस किलोचा. हिशेबाने ५३ क्रेट बसतात. आणि आपण ८० रचतो! ते झाले १,७२० किलो, म्हणजे साडेपाचशे किलो जास्त.

अंदाजावर जाऊ नका. पुढच्या खेपेला भरलेली गाडी भुईकाट्यावर घाला आणि पावती जपून ठेवा. जमलं तर फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून एक्सलचंही वजन घ्या, कारण पाट्यांवर येतो तो मागचा भार.

*२) दोन मापं घ्या: रिकामी आणि भरलेली*

गाडी सपाट जागी लावा, टायरची हवा बरोबर करा. एक्सलच्या वर चेसिसला रबरी ठोकळा असतो. त्या रबरापासून खाली एक्सलपर्यंत किती जागा आहे ते टेपने मोजा. डावी-उजवी दोन्ही बाजू मोजा आणि वहीत लिहा. मोजताना गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना दगड लावलेले हवेत.

मग माहीत असलेलं वजन टाका. त्यासाठी खताच्या गोण्या सोयीच्या. डीएपीची गोणी ५० किलोची, म्हणून २० गोण्यांचे बरोबर १,००० किलो होतात. युरिया असेल तर गोणी ४५ किलोची धरा. गोण्या मागच्या चाकांच्या वर येतील अशा रचा आणि पुन्हा मोजा.

समजा रिकाम्या गाडीत जागा ९० मिलिमीटर होती आणि हजार किलोवर ३० राहिली. गाडी ६० मिलिमीटर बसली. म्हणजे दोन्ही बाजू मिळून साधारण १७ किलोला एक मिलिमीटर. हा तुमच्या पाट्यांचा ताठपणा.

पूर्ण भरल्यावरही रबर आणि एक्सल यांच्यात दीड-दोन इंच जागा राहिलेली बरी. त्याहून कमी राहिली तर प्रत्येक खड्ड्यात एक्सल चेसिसवर आदळणार.

*३) पाटे "बसलेत" की "मऊ आहेत"?*

इथे सगळी गफलत होते. वर्षानुवर्षं ओझं वाहून पाट्याची कमान सपाट होते आणि गाडीची उंची कमी होते. पण पाट्याचा ताठपणा जवळपास तोच राहतो. म्हणजे बसलेला पाटा मऊ झालेला असतोच असं नाही.

ओळखायचं कसं? आपल्याच गटात कोणाकडे त्याच मॉडेलची नवी गाडी असेल तर तिचं रिकामं माप घ्या आणि तुमच्या मापाशी ताडून पाहा.

▪️ रिकामी असतानाच तुमची गाडी एखादा इंच खाली असेल, तर पाटे बसलेत. कंपनीच्या मूळ मापाचा नवा सेट टाका. वरच्या उदाहरणात इंचभर उंची परत मिळाली, तर हजार किलोवर ३० ऐवजी ५५ मिलिमीटर जागा राहील. पाटा वाढवायची गरजच नाही.

▪️ रिकामी उंची बरोबर आहे, आरसीच्या मर्यादेत वजन आहे, तरी रबराला टेकते. मग ताठपणा कमी पडतोय. तेव्हाच हेल्परचा किंवा जादा पाट्याचा विचार करा.

▪️ एकच बाजू खाली असेल तर तुटलेला पाटा, झिजलेला बुश किंवा नेहमी एकाच बाजूला रचला जाणारा माल तपासा.

▪️ मर्यादेत वजन असताना गाडी नीट चालते, जास्त भरल्यावरच टेकते. मग दोष पाट्याचा नाही, वजन कमी करा.

*४) वाढवायचेच असतील तर काय घ्यावं?*

जाताना भरलेली, येताना रिकामी अशी गाडी असेल तर हेल्पर पाटा चांगला. रिकामी असताना तो मोकळा राहतो आणि वजन पडल्यावर कामाला लागतो. गाडी कायमच भरलेली असेल तर मुख्य गठ्ठ्यात एक पाटा वाढवता येतो. पाच सारख्या पाट्यांत तसाच सहावा टाकला तर ताठपणा साधारण पाचव्या हिश्श्याने वाढतो.

जाडीबाबत मात्र सावध राहा. ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा पाटा टाकला तर दोनच मिलिमीटर वाढले असं दिसतं. पण त्या पाट्याचा ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो, कारण जाडी तीनदा गुणली जाते. "थोडा जाड टाकतो" असं कोणी म्हटलं तर आधी माप विचारा.

जादा ताठ पाट्यांवर गाडी अर्धी भरलेली असली की सगळे धक्के मालाला बसतात. द्राक्षाचे मणी सुटतात, टोमॅटो दबतो. कच्च्या रस्त्यावर रिकामी गाडी ब्रेक मारताना मागून सरकते, कारण चाक जमिनीला धरून राहत नाही.

*५) हे करू नका*

❌ पाट्याला वेल्डिंग करू नका, नवं भोक पाडू नका. तो तिथूनच तुटतो.

❌ उघड्या भट्टीत तापवून कमान काढू नका. स्प्रिंग स्टीलला पाणी ठराविक तापमानाला द्यावं लागतं. ते चुकलं तर पाटा लगेच पुन्हा बसतो किंवा काचेसारखा तुटतो.

❌ एकाच बाजूचा पाटा बदलू नका. जोडीने बदला.

❌ उंच शॅकल किंवा ठोकळा घालून गाडी उचलू नका. उंची वाढते, ताकद वाढत नाही.

*६) बसवल्यावर*

यू बोल्ट जुने वापरू नका, नवेच टाका. दोन-तीन भरलेल्या खेपांनंतर ते पुन्हा आवळून घ्या, कारण नवे पाटे बसतात आणि बोल्ट ढिले पडतात. ढिल्या यू बोल्टमुळे सेंटर बोल्ट तुटतो, एक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालू लागते. बुश आणि शॉकअप त्याच वेळी तपासा.

काही पिकअपना मागच्या एक्सलवर ब्रेकचा एक वॉल्व्ह असतो. चेसिस आणि एक्सल किती जवळ आले यावरून तो गाडीतलं वजन ओळखतो आणि मागचा ब्रेक कमी-जास्त करतो. पाटे ताठ किंवा उंच केले की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. तुमच्या गाडीला हा वॉल्व्ह असेल तर सर्व्हिस सेंटरमधून तो पुन्हा सेट करून घ्या. घाट उतरायचा असेल तर हे टाळू नका.

माल रचताना जड क्रेट पुढच्या बाजूला, केबिनकडे घ्या. मागच्या फळक्यापाशी जड माल आला की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हलकं लागतं.

*७) कायदा काय म्हणतो*

पाटे वाढवले म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही. एक्सल, ब्रेक, टायर आणि चेसिस जेवढ्यासाठी बनले तेवढ्यासाठीच राहतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनाला आणखी २,००० रुपये आहेत. जादा माल उतरवण्याचा खर्चही आपलाच. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात अडचण येते ती वेगळी.

वरच्या हिशेबातले २७ जादा क्रेट वाचवायला जाऊन एका दंडात कितीतरी खेपांचं भाडं जातं. त्यापेक्षा शेजारच्या सभासदाबरोबर दोघांत एक जादा खेप वाटून घ्या.

*थोडक्यात:* काटा पावती घ्या 👉 रिकामं आणि भरलेलं माप लिहा 👉 नव्या गाडीशी ताडून पाहा 👉 मगच पाटेवाल्याकडे जा. जाताना ती वही सोबत न्या. "गाडी उचलून द्या" असं सांगू नका. "एवढ्या वजनावर एवढी जागा राहिली पाहिजे" असं सांगा.

मापं घेताना अडचण आली तर खत न्यायला याल त्या दिवशी संकलन केंद्रावर गाडी थोडी थांबवा, आपण मिळून मोजू. ज्यांच्याकडे पिकअप आहे त्या सभासदांना हा मेसेज जरूर पाठवा.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी 🌱