चौथा अंतर्विरोध : झिझेकचा साम्यवाद आणि आपण

१९९१ साली सोव्हिएत युनियन कोसळले आणि साम्यवाद हा शब्द अनेकांनी अडगळीत टाकला. आपल्यातील काहींना त्याचे बरेही वाटले. इथल्या कम्युनिस्टांनी जातीच्या प्रश्नाला वर्षानुवर्षे बगल दिली होती, तिचा राग त्यामागे होता. आणि तो राग खोटा नव्हता. परंतु हाच शब्द अडगळीतून बाहेर काढणारा एक तत्त्वज्ञ आज जगभर वाचला जातो. स्लावोय झिझेक त्याचे नाव. त्याचे म्हणणे आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे, आणि ते जिथे अपुरे पडते तिथे तसे स्पष्ट म्हणावे, म्हणून हा लेख.

झिझेक १९४९ साली ल्युब्ल्याना शहरात जन्मला. आज स्लोव्हेनियाची राजधानी असलेले हे शहर तेव्हा साम्यवादी युगोस्लाव्हियात होते. साम्यवाद त्याने आधी सत्तेवर बसलेला पाहिला. त्याचा प्रबंध पुरेसा मार्क्सवादी नाही, असे ठरवून त्याला अध्यापनापासून दूर ठेवले गेले. स्टालिनचे गोडवे त्याच्याकडून ऐकायला मिळणार नाहीत. विसाव्या शतकातील साम्यवादी राजवटी फसल्या, हे तो सरळ मान्य करतो. पण ज्या प्रश्नांतून साम्यवाद जन्मला ते प्रश्न तरी सुटले का, असे तो विचारतो.

२००९ साली आलेल्या ‘फर्स्ट अ‍ॅज ट्रॅजेडी, देन अ‍ॅज फार्स’ या पुस्तकात तो आजच्या भांडवलशाहीचे चार अंतर्विरोध सांगतो. निसर्गाचा विध्वंस हा पहिला. सर्वांच्या ज्ञानावर खाजगी मालकी हा दुसरा. माणसाच्या जडणघडणीतच हात घालणारे जैवतंत्रज्ञान हा तिसरा. आणि चौथा, नव्या भिंती, नव्या झोपडपट्ट्या; म्हणजे आत घेतलेले आणि बाहेर ठेवलेले. पहिल्या तिन्हींत सर्वांच्या सामाईक गोष्टी बळकावल्या जातात, गायरान बळकवावे तशा. पण त्या तिन्हींना भांडवलशाही पचवू शकते. पर्यावरणाचा ती धंदा करते, मालकीचा प्रश्न वकिलांकडे सोपवते, जनुकांचा प्रश्न नीतीच्या चर्चासत्रात बसवते. न्यायाचा प्रश्न उभा राहतो तो चौथ्यामुळे. चौथा वगळला तर उरलेल्या तिन्हींची धार जाते, असे झिझेक म्हणतो. मला हे त्याच्या मांडणीचे मर्म वाटते.

इथेच आपली हरकतही सुरू होते. झिझेकचे ‘बाहेरचे’ एका मुठीत मावतात. ज्याला समाजात जागाच नाही तोच सर्वांच्या वतीने बोलू शकतो, असे त्याला वाटते. आपल्या गावात मात्र बाहेर ठेवलेल्यांतही पायऱ्या होत्या, आणि प्रत्येक पायरीला आपल्याखाली कोणीतरी आहे याचे समाधान होते. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये समाजवाद्यांना सुनावले होते. क्रांतीनंतर आपल्याला समानतेने वागवले जाईल, याची खात्री नसेल तर गरीब माणूस त्या क्रांतीत सामील का होईल, हा त्यांचा प्रश्न झिझेकलाही लागू पडतो.

विचारप्रणालीविषयी मात्र त्याच्याकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. लोकांना सत्य कळत नाही म्हणून ते फसतात, ही जुनी समजूत तो मोडतो. त्यांना सत्य चांगले कळते, तरीही ते तसेच वागतात, असे तो म्हणतो. वर्तमानपत्रातील वधूवरांच्या जाहिराती पाहा. ‘जातीची अट नाही’ आणि लगेच पुढे ‘एससी, एसटी क्षमस्व’. या माणसाला जात खोटी आहे हे पटवायला जाऊ नका, ते त्याला आधीच माहीत आहे! २०१० च्या ‘लिव्हिंग इन द एंड टाइम्स’मध्ये झिझेकने मनुस्मृतीचाही विचार केला आहे. नियमाबरोबर तो मोडण्याच्या वाटाही ग्रंथच पुरवतो, आणि त्या सवलतींमुळेच नियम टिकतो, असे तो दाखवतो. आपद्धर्म ठाऊक असलेल्या आपल्या वाचकाला हे नवे नाही, पण युरोपातल्या माणसाने ते ओळखले, याची नोंद घ्यावी.

महासत्तांबद्दल तो कोणाचीच भीड ठेवत नाही. भांडवलशाही आली की मागोमाग लोकशाही येते, हा अमेरिकेचा दावा चीनने खोटा पाडला. तिथे कम्युनिस्ट पक्षच भांडवलशाही अधिक कार्यक्षमतेने चालवतो. २०२२ साली रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले, तेव्हा अमेरिकेच्या द्वेषापोटी पुतिनकडे झुकणाऱ्या डाव्यांना त्याने फटकारले आणि युक्रेनच्या प्रतिकाराची बाजू घेतली. पुष्कळ डावे त्याच्यावर चिडले. मला तो इथे बरोबर वाटतो; आपला जमीनदार वाईट म्हणून शेजारच्या गावचा जमीनदार मुक्तिदाता ठरत नाही.

मग साम्यवाद म्हणजे नेमके काय? २०२० च्या महामारीत त्याचे उत्तर अगदी साधे होते. मास्क, चाचण्यांचे साहित्य, व्हेंटिलेटर यांचे उत्पादन बाजारावर न सोडता शासनांनी मिळून करावे. म्हणजे त्याला बळकट राज्यसंस्था हवी आहे. ती कोणाच्या हाती राहील आणि तिला आवर कोण घालील, यावर तो फारसा थांबत नाही. १९५६ साली काठमांडूच्या भाषणात बाबासाहेबांनी मार्क्सच्या मार्गातील हिंसा आणि हुकूमशाही या दोहोंवर बोट ठेवले होते. राज्य विरून गेल्यावर त्याची जागा कशाने भरून निघणार, असे त्यांनी ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या लेखात विचारले, आणि धम्माकडे निर्देश केला. झिझेकला बौद्ध धम्म आजच्या भांडवलदाराचे मन शांत ठेवणारे औषध वाटतो. पाश्चात्त्य शहरांतल्या ध्यानवर्गांबद्दल ते खरे असेलही. नागपूरला त्याच १९५६ च्या ऑक्टोबरात लाखोंनी जे स्वीकारले, ते मात्र त्याच्या या टीकेच्या कक्षेत येत नाही.